संमेलनाला न येणारी मुलं

आमच्या शाळेच्या महोत्सवात माजी विद्यार्थ्यांचं संमेलन भरतंय, त्यानिमित्त हे लिहितोय. आठवीत आम्हाला गणिताच्या तासाला छडी होती आणि मराठीच्या तासाला नव्हती. वर्ग तोच, मुलं तीच, संख्येने सत्तरच्या आसपास. गणिताचे सर यायच्या आधी मॉनिटर स्टाफरूममधून निरगुडीची फोक आणून टेबलावर ठेवायचा. गृहपाठ नसला की हात पुढे. मागे घेतला तर दुप्पट. थंडीच्या दिवसांत पट्टीची कड पेरांवर बसली की तास संपेपर्यंत पेन धरवत नसे. मुलींना बाकावर उभं करायचे. माझी धाकटी बहीण याच शाळेतली. ती आजही सांगते, त्यापेक्षा छडी परवडली असती.

सर दुष्ट नव्हते. दहावीच्या मुलांना ते संध्याकाळी थांबवून शिकवायचे, एक पैसा घेत नसत. त्यांच्याबद्दलचा आदर माझ्या मनात आजही आहे. पण त्यांच्या तासाला ‘सर, समजलं नाही’ असं कुणी कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. घंटा व्हायच्या आत शेजाऱ्याची वही उतरवून काढायची, एवढं मात्र आम्ही पक्कं शिकलो. मराठीच्या बाई चुकलेलं वाक्य फळ्यावर लिहायच्या, कुणाचं ते सांगायच्या नाहीत आणि सगळ्या वर्गाला दुरुस्त करायला लावायच्या. शुद्ध लिहायला मी तिथे शिकलो.

आता आम्ही जुने विद्यार्थी भेटलो की ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ हे वाक्य हमखास येतं. मला ते मान्य नाही. हे म्हणणारे आपण सगळे शाळेत टिकलेले. माझ्या बाकावरचा मुलगा ओढ्यापलीकडच्या वाडीतून यायचा. पहाटे धारा काढून, डेअरीवर दूध घालून निघायचा, म्हणून रोज उशीर. उशीर झाला की ओणवं उभं राहायचं, वही नसली की छडी. वही नव्हती, कारण घरात पैसे नव्हते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. आमच्या वर्गात बराचसा मार आळसाला नव्हे, गरिबीला बसत होता.

त्याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कोसबाडला शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिलेली वेगळी वाट होती. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची! कुरणशाळा ती हीच. उशिरा येणाऱ्या पोराचं काय करायचं, याचं उत्तर आपल्याच राज्यात तयार होतं. आमच्या गावापर्यंत ते पोहोचलं नाही.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा शाळेतून हद्दपार करायला सांगितलं. डिसेंबर 2000 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांना छडीची मुभा देणारे नियम रद्द केले. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 17 ने मारासोबत मानसिक छळालाही बंदी घातली. टोमणे, अपमान, वर्गासमोर जात किंवा गरिबी काढणं, हे सगळं मी त्यातच धरतो.

‘मग आमच्या हातात उरलं काय?’ असं आजचे शिक्षक विचारतात, आणि तो प्रश्न खरा आहे. सत्तर मुलं एकट्याने सांभाळणाऱ्याला नुसतं ‘मारू नका’ सांगून भागत नाही. पण त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा, असंही लिहिलं आहे. पालकसभेत ‘सर, दोन ठेवून द्या त्याला’ म्हणणाऱ्या पालकांनी हा आकडा मागावा. माजी विद्यार्थी संघानेही मागावा, आणि शिक्षक कमी पडत असतील तर पाठपुरावा करावा.

महोत्सव समितीला माझी एक विनंती आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना असतो. दहावीच्या आधीच ज्यांची नावं कमी झाली, त्यांची यादी त्यातून काढावी आणि त्यांनाही निमंत्रणं पाठवावीत. आमच्या तुकडीतली नावं शोधायला आणि वाडी-वस्तीवर जाऊन निमंत्रणं हातात द्यायला मी येईन.