तुम्ही विचारलंत म्हणून : दारात धर्म सांगायला आलेल्यांशी मी काय बोलते?

हा प्रश्न मला भिशीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि पुण्याची नणंद तर फोन ठेवता ठेवता हटकून विचारते, "वहिनी, ते लोक अजून येतात का गं? आणि तू त्यांना बसवून घेतेस म्हणे?"

बसवून घेत नाही. ओट्यावर बोलते, पाणी देते आणि नको असेल तर नको म्हणते. खरं तर उत्तर एवढंच आहे. पण एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

आमचं घर बडोद्याला मांजलपुरात, तळमजल्याचं टेनामेंट. फाटक उघडलं की ओटा, ओट्यावर झोपाळा, आणि संध्याकाळी झोपाळ्यावर शेंगा नाहीतर मटार सोलत बसलेली मी. येणाऱ्याला बेलसुद्धा वाजवावी लागत नाही. आता "ते लोक" म्हणताना नणंदेच्या डोळ्यापुढे कोण असतं ते मला ठाऊक आहे: खांद्याला बॅग लावलेल्या, येशूबद्दल बोलणाऱ्या दोघी. त्या येतात, वर्षाकाठी एखाद्या वेळी. पण धर्म घेऊन फाटक उघडणाऱ्यांची मोजदाद केली तर त्या शेवटच्या नंबरावर लागतील. डिसेंबरात कृष्णभक्त तरुण गीतेच्या प्रती घेऊन येतात, कारण त्यांची ग्रंथवाटपाची मोहीमच त्या महिन्यात असते. मुलं बहुतेक इंजिनियरिंगची, बोलायला गोड, किंमत मात्र शेवटी सांगतात. गायत्री परिवारातल्या बायका यज्ञाचं निमंत्रण देऊन जातात. स्वामिनारायणाचे हरिभक्त सत्संगाला बोलावतात. 2021 साली राममंदिराच्या निधीसाठी दहा, शंभर आणि हजार रुपयांची कुपनं घेऊन माणसं आली, आणि जानेवारी 2024 मध्ये पूजित अक्षता घेऊन आली. यांतल्या कुणाबद्दल नणंदेने कधी विचारलेलं नाही. हे सगळे आपले. आपल्यांना दारात काय बोलायचं हा प्रश्न पडत नाही असं तिला वाटतं. मला विचाराल तर खरा पेच तिथेच पडतो.

स्वाध्यायवाल्यांचं घ्या. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, जन्म 1920 चा. मराठी माणूस, पण त्यांचा परिवार गुजरातेत जितका फोफावला तितका क्वचितच दुसरीकडे कुठे. मॅगसेसे पुरस्कार मिळाला 1996 ला, टेम्पल्टन पुरस्कार 1997 ला, ते सगळं असो. आमच्या गल्लीत त्यांची ओळख भक्तिफेरीची. नीटनेटक्या साड्यांतल्या दोन-तीन बेन येतात, फाटकावरची पाटी वाचतात आणि खूश होऊन म्हणतात, "दादा तो तमारा ज ने!" दादा म्हणजे आठवले. आडनाव मराठी तर दादांवर पहिला हक्क आमचा, मग स्वाध्यायाच्या केंद्रात आम्ही कसे नाही? याला काय उत्तर द्यायचं? मराठी बाई अशा वेळी काय करते, तर चहा टाकते. पण या भक्तिफेरीला निघालेल्या. दुसऱ्याच्या घरचं खायचं नाही, मागायचं नाही, वर्गणी नाही, पावती नाही, डबासुद्धा स्वतःचा. चहाचं शस्त्रच आपल्या हातून काढून घेतलेलं. हात रिकामे ठेवून समोर उभं राहायचं, आणि त्या इतक्या मायेने बोलत असतात की "नको" हा शब्द घशातच राहतो.

त्यावरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दारात धर्म येणं आपल्याला मुळीच नवं नाही. सासूबाई दांडिया बाजारच्या वाड्यातल्या. पहाटे टोपीला मोरपीस लावलेला वासुदेव यायचा, "जय जय रघुवीर समर्थ" म्हणत रामदासी यायचा, मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागणारी यायची, असं त्या सांगत. जैन साध्वी तर आमच्या मागच्या गल्लीत आजही गोचरीला येतात. पण हे सगळे घ्यायला येणारे. पसाभर तांदूळ, पीठ, फार तर नाणं. झोळीत पडलं की ते आशीर्वाद देऊन पुढच्या दाराला. तुमचं मत काय, तुम्ही कुणाला मानता, मेल्यावर तुमचं काय होणार, याची चौकशी नाही. घेणाऱ्याला कसं वागवायचं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. हे नवे लोक मात्र द्यायला येतात. पुस्तक देतात, निमंत्रण देतात, मोक्षाची वाट देतात. फुकट द्यायला आलेल्याला परत कसं पाठवायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. म्हणून मग आपण काहीतरी थापा मारतो.

थापांचे प्रकार माझ्या आसपास भरपूर आहेत. "साहेब घरी नाहीत" हा सगळ्यांत जुना. बाईला मत नसतं हे त्यात गृहीत. एकीने "आम्हाला सुतक आहे" असं सांगून टाकलं, तर आलेल्या दोघींनी तिचं सांत्वनच सुरू केलं, आणि सुटका व्हायला दुप्पट वेळ लागला. पुस्तक मुकाट्याने घेऊन रद्दीत टाकणारे पुष्कळ. मला हे बरोबर वाटत नाही, कुणीतरी पदरचे पैसे घालून छापलेलं असतं. काही जण पडद्याआडून बघत श्वास रोखून उभे राहतात, आत कुकरची शिट्टी होत असली तरी. आणि आमच्या कोपऱ्यावरचे एक निवृत्त काका आहेत, ते उलट वाटच बघत असतात. कुणीही येवो, त्याला खुर्ची देतात आणि उपनिषदांपासून सुरुवात करतात. आलेले लोक घड्याळ बघायला लागतात. काका स्वतःला विष्णुबुवा ब्रह्मचारी समजतात, पण विष्णुबुवांनी 1857 साली मिशनऱ्यांशी वाद घातला तो मुंबईच्या समुद्रकिनारी, चारचौघांत, दोन्ही बाजू ऐकायला आलेल्या माणसांसमोर. वाद घालायची ती जागा होती. ओट्यावर अडकवून ठेवलेल्या दोन पोरांना हरवण्यात कसलं आलंय?

अलीकडे आणखी एक तऱ्हा निघाली आहे: मोबाईल काढून शूटिंग करायचं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं, "सावधान!" म्हणून. याची मला चीड येते. दारात येऊन बोलणं हा गुन्हा नाही. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचंही स्वातंत्र्य आहे. हं, प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, हेही सुप्रीम कोर्टाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगून ठेवलं आहे. गुजरातचा कायदा 2003 चा, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला: जबरदस्तीने, आमिष दाखवून, फसवून धर्मांतर करायचं नाही, आणि तो विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. पण दोन बायका पाणी पीत "तुम्हाला वाटतं का हो, जगातलं दुःख संपेल?" असं विचारतात, यात आमिष कुठे आहे? मला तर अजून कुणी साधं पेनसुद्धा दिलेलं नाही.

आणि हे बडोदं आहे. सयाजीराव महाराजांनी इथल्या कॉलेजात सगळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवायला ऑल्बन विजेरी नावाचा साहेब प्राध्यापक नेमला होता. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या कॉलेजशिक्षणाला त्यांनी शिष्यवृत्ती दिली होती. पुढे ऑक्सफर्डहून परतलेले शिंदे 1903 मध्ये प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. हो, प्रचारक. आपल्यातही होते.

आता त्या दोघींविषयी, ज्यांच्यासाठी तुम्ही हे वाचताय. त्या यहोवाच्या साक्षीदार. बहुतेकांना वाटतं सगळे ख्रिस्ती एकच, तसं नाही. त्या नाताळ साजरा करत नाहीत, वाढदिवस नाही, क्रूस नाही, दुसऱ्याचं रक्त चढवून घेणं नाही. फतेगंजात राहणारी माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, तिच्याही दारात त्या जातात, आणि तीही "आमचं चर्च आहे" म्हणून दार लावते. हे कळल्यावर नणंदेला फार बरं वाटलं.

पहिल्यांदा आल्या तेव्हा गुजरातीत बोलल्या. मी गुजरातीतच "वाचायला वेळ नाही" म्हटलं. जाताना एकीने फाटकावरची पाटी वाचली. पुढच्या खेपेला आल्या त्या टॅबवर मराठी पान उघडूनच. अक्षरं मोठी केलेली, माझा चष्मा बघून ठेवला असणार. मराठी पुस्तकी होतं पण शुद्ध. मधे कोरोनाची वर्षं गेली. त्यांनी जगभर 2020 च्या मार्चमध्ये दारोदार जाणं थांबवलं ते थेट 2022 च्या सप्टेंबरात पुन्हा सुरू केलं; तोवर फोन आणि पत्रं. त्यानंतर आल्या तेव्हा मे महिन्याचं ऊन होतं. मोठी बाई पन्नाशीची, पदर डोक्यावर घेतलेला, चपलेचा अंगठा तुटून सेफ्टी पिन लावलेली. दुसरी कॉलेजातली मुलगी, बॅग पोटाशी धरून. मी तांब्याभांडं आणलं. मोठीने पाणी प्यायलं, मुलीने स्वतःची बाटली भरून घेतली. मग त्यांनी काही विचारायच्या आत मीच विचारलं, "लोक काय बोलतात हो तुम्हाला?"

मोठी हसली. म्हणाली, "मावशी, ओरडणारे कमी. 'नंतर या' म्हणणारे जास्त."

"मग?"

"मग आम्ही नंतर येतो."

ते घर त्या टिपून ठेवतात, कोण नव्हतं, कोण काय म्हणालं, परत कधी जायचं. आणि कुणी स्पष्ट सांगितलं की आमच्याकडे येऊ नका, तर तेही टिपतात आणि ते दार टाळतात. म्हणजे आपण भिडस्तपणाने "बघू, सवडीने या" म्हणतो, तेच बोलावणं ठरतं. ऊन डोक्यावर घेऊन ती बाई तुमच्या सवडीसाठी परत येते, आणि तुम्ही पडद्याआड श्वास रोखता. याला सभ्यपणा कोण म्हणेल?

तेव्हापासून माझी वाक्यं ठरलेली आहेत. "आमच्या घरात देव आहे, तो आम्हाला पुरतो. पुस्तक ठेवू नका, मी वाचणार नाही. पाणी हवं असेल तेव्हा फाटक उघडा, त्यासाठी काही सांगावं लागणार नाही." आवाज चढवायचा नाही, हात जोडायचे नाहीत. जोडलेल्या हातांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. स्वाध्यायाच्या बेनना हेच सांगायला मला फार जड गेलं, पण सांगितलं. "दादांबद्दल आदर आहे, केंद्रात येणार नाही." त्या दुखावल्या असतील. आता भाजीवाल्याकडे भेटतात तेव्हा कैरीचा भाव विचारतात, केंद्राचं नाव काढत नाहीत, आणि आमचं छान चाललंय.

फक्त एकाला मी बाहेर काढलं आहे. सासूबाई गेल्या, तेरावा व्हायचा होता, आणि एक ओळखीचे गृहस्थ त्यांच्या गुरूंचा फोटो घेऊन आले. आधी दीक्षा घेतली असती तर दुखणं इतकं लांबलं नसतं, म्हणाले. हे आपल्यांतलेच, कपाळाला गंध. आजारपण आणि मरण या दोन वेळी दार ठोठावणाऱ्याला, तो कुठल्याही देवाचा असो, मी पाणीही विचारत नाही.

"पण वहिनी, बोलता बोलता पटवलं तर?" हा नणंदेचा पुढचा प्रश्न. तिला मी ग्रीसमधल्या एका बाईची गोष्ट सांगते. क्रीट बेटावर 1986 मध्ये मिनोस कोक्किनाकिस नावाचा यहोवाचा एक म्हातारा साक्षीदार बायकोला घेऊन एका घरी गेला. घर चर्चमधल्या गायकाचं. बाईने आत घेतलं, दहा-पंधरा मिनिटं बोलणं झालं, नवऱ्याने पोलिसांना कळवलं, दोघांना अटक झाली. खटला चालत चालत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि 1993 मध्ये म्हातारा जिंकला. देशोदेशीचे वकील त्यावर वाद घालत बसले, आणि ज्या बाईला फसवलं म्हणून हे रामायण, तिने साक्षीत सांगितलं होतं की त्या बोलण्याचा माझ्या श्रद्धेवर काही परिणाम झाला नाही. घरच्यांनी आधी तिलाच विचारलं असतं तर!

नणंद यावर गप्प बसत नाही. ती म्हणते, "आमच्याकडे बाई असं कुणी येतच नाही." ती बाणेरला नवव्या मजल्यावर राहते. खाली वॉचमन आहे, रजिस्टर आहे, ॲपवर विचारणा होते. पण अक्षता घेऊन आलेले तिच्याकडेही वर आले होते, गीतेवाली मुलंही येतात. कुणाला वर सोडायचं आणि कुणाला खालूनच परत पाठवायचं, हे तिच्या वॉचमनने ठरवून टाकलंय. मी तिला म्हटलं, मला कशाला विचारतेस, त्याला विचार.