नार्व्याची फेरी आणि मास्तरांची वीस मिनिटं

पणजीतल्या आमच्या मंडळाची सहल दरवर्षी कार्तिक वद्य पंचमीच्या आसपासच्या रविवारी निघते. ठिकाण ठरवायला बैठक होते, पण ती नावापुरती. आधी नार्वे, मग हरवळे, हे कधीचंच ठरलेलं. मध्ये एकदा तरुण मंडळींच्या हट्टाने तांबडी सुर्ल्याला गेलो. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ, मागे सह्याद्री, शेजारी नदी. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी परतताना बसमध्ये जो तो म्हणत होता, "पण यंदा फेरी झाली नाही."

फेरीबोटीशिवाय सहल नाही. सकाळी जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर यायचं, मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरायचं, बेट आडवं कापायचं आणि पुन्हा फेरीत बसून नार्वे गाठायचं. मिनीबस आत चढताना खलाशी ओरडतो, "बेगीन, बेगीन!" आणि आमच्या बायका नेमक्या तेव्हाच पातळभाजीचा डबा कुठल्या बसमध्ये राहिला ते आठवत बसतात.

स्वागत, श्रीफळ, अध्यक्षांचे दोन शब्द (ते दोन कधीच नसतात) हे सगळं नार्व्यातल्या सप्तकोटेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या देवळाच्या दीपस्तंभापाशी उरकतं. मग मास्तर उठतात.

मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. भाषण तेच असतं, मला जवळजवळ पाठ आहे. कदंब राजे स्वतःला 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' म्हणवून घेत, इथून सुरुवात. मग दिवाडीवरचं मूळ देऊळ, बहमनींनी केलेला विध्वंस, विजयनगरच्या माधव मंत्र्याने केलेली पुनर्बांधणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पुन्हा पाडलं. लिंग विहिरीवर पाणी ओढायच्या कामाला लावलं होतं असं सांगतात. इथे मास्तर थांबतात. दरवर्षी इथेच थांबतात आणि दरवर्षी माझा घसा दाटतो. "ज्याला आपण पाणी घालायचं, त्याच्यावरून दोर ओढला रे," एवढंच म्हणतात. मग भक्तांनी ते लपवून नदीपार आणलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने इथल्या देवळाचं काम सुरू झालं. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी. शिलालेखातली ती तिथी मास्तर वर्गात पाढा म्हणावा तशा खणखणीत आवाजात म्हणतात. २०२३ साली जीर्णोद्धार होऊन देऊळ नव्याने खुलं झालं तेव्हा ते भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते. त्या वर्षी भाषण लहान झालं.

हरवळ्याच्या गुहा आणि धबधबा छानच. पण तोवर पोटात कावळे ओरडत असतात, त्यामुळे आम्हाला खतखतंच जास्त आठवतं.

आता आभार. नावं लिहायची नाहीत असं मीच ठरवलंय, कारण पूर्वी एक नाव राहिलं आणि संक्रांतीचा तिळगूळ घरी आला नाही. तर: पहाटे चारला उठून पाव आणणारे भाऊ, खतखत्यासाठी भाज्या चिरणाऱ्या तिघी वहिनी, सोलकढीवाल्या मावशी, पैशांचा हिशेब पाच रुपयांपर्यंत लावणाऱ्या काकी, दोन्ही चालक, मास्तरांना धरून फेरीत चढवणारा कॉलेजचा मुलगा, देवळातले भटजी, आणि सतरंज्या. म्हणजे सतरंज्या देणारे शेजारी. कुणी राहिलं असेल तर फोन करा, रुसू नका.

एक मात्र बोलणारच. यादीत नावं ऐंशीच्या वर, बसमध्ये डोकी त्रेपन्न. कुणाचं बारसं, कुणाची क्रिकेट मॅच. महाबळेश्वरला चार दिवस जाता येतं, दिवाडीच्या पलीकडे एक रविवार जमत नाही.

गेल्या वेळी मास्तर बसूनच बोलले. परतताना फेरीत त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "किती जण रे यंदा?"

"साठ," मी म्हणालो. चालक, खलाशी आणि वाटेत लिफ्ट दिलेले दोघे धरले तरी जमत नव्हते.

मास्तरांनी दोन्ही मिनीबसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वजाबाकीत तू कच्चाच होतास," म्हणाले, आणि पाण्याकडे तोंड करून बसले.