वर्गसमीकरणाचं सूत्र: पाठ होतं, तरी उत्तर चुकायचं

क्षेत्रफळ, श्रेढी, पायथागोरस यांनी मला फारसं छळलं नाही. दहा-दहा उदाहरणं सोडवली की ती सूत्रं हाताखाली येतात. वर्गसमीकरणाच्या सूत्रानं मात्र अडवून धरलं. सूत्र तोंडपाठ आणि उत्तर चूक! त्याचा राग अजून आहे, कारण सूत्र घोकून घेतात, पण त्यात किमती कशा भरायच्या यावर कुणी थांबत नाही.

समीकरण अ·क्ष² + ब·क्ष + क = ० असं असेल तर

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ

समजा उदाहरण आहे ३क्ष² = ५ − २क्ष. घाईत अ = ३, ब = −२, क = ५ असं उचललं की विवेचक, म्हणजे वर्गमूळाच्या आतलं ब² − ४अक, येतो ४ − ६० = −५६. मग ‘वास्तव मुळे नाहीत’ (म्हणजे क्ष ची वास्तव किंमतच मिळत नाही) असं लिहून आपण निर्धास्तपणे पुढचं उदाहरण घेतो. मला ही चूक सगळ्यात घातक वाटते, कारण ते उत्तर अगदी खरं दिसतं, संशयच येत नाही.

आधी उजवीकडे शून्य आणा: ३क्ष² + २क्ष − ५ = ०. आता अ = ३, ब = २, क = −५. विवेचक २² − ४ × ३ × (−५) = ४ + ६० = ६४, त्याचं वर्गमूळ ८. मुळे (−२ + ८)/६ = १ आणि (−२ − ८)/६ = −५/३.

किंमत धन असो की ऋण, ती कंसातच भरा. ब = −७ असेल तर ब² म्हणजे (−७)² = ४९; कंस विसरून −७² लिहिलंत तर ते −४९ होतं. आणि −ब म्हणजे −(−७), म्हणजे ७. भागाकाराची रेघही −ब च्या खालून सुरू करा. ती फक्त वर्गमूळाखाली ओढली की −ब ला भागायचं राहतं.

ही रेघ एवढी लांब का, हे मला सूत्र कुठून येतं ते पाहिल्यावर कळलं. प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांची रीत सुंदर आहे: अ·क्ष² + ब·क्ष + क = ० ला ४अ नं गुणा आणि दोन्हीकडे ब² मिळवा. ४अक पलीकडे नेलं की उरतं (२अक्ष + ब)² = ब² − ४अक. वर्गमूळ घेताना ± येतो, ब उजवीकडे नेल्यावर −ब होतो आणि शेवटी अख्ख्या उजव्या बाजूला २अ नं भागायचं असतं. एकदा हे स्वतःच्या हातानं लिहा, घोकायची गरजच उरत नाही.

पडताळ्याला दहा सेकंद लागतात. मुळांची बेरीज −ब/अ, गुणाकार क/अ. वरच्या उदाहरणात १ − ५/३ = −२/३ आणि १ × (−५/३) = −५/३. जुळलं.

खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: सहगुणकांत, म्हणजे अ, ब, क यांत, सामाईक संख्या असेल तर तिनं भागून घ्या. ६क्ष² + ४क्ष − १० = ० तसंच ठेवलंत तर विवेचक २५६ होतो; २ नं भागलंत की तोच ६४. सहगुणक पूर्णांक आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल तर अवयवही सहज पडतात, तिथे सूत्राची गरज नाही.