फक्त ‘सागा नोरेन’

स्वीडनमधल्या माल्मोत आमच्याकडे पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी दाखवाव्याच लागतात. एक, मोलेवोंगेन भागातलं फलाफल. दुसरा, पूल. फलाफलवर सगळे खूश होतात. पुलावर मात्र गेल्या वर्षी पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ चिडलाच. आगगाडीनं कोपनहेगनला निघालो, हिली हे स्वीडनमधलं शेवटचं स्टेशन गेलं, गाडी पुलावर चढली आणि हा खिडकीला नाक लावून विचारतोय, “अगं, पूल कुठंय?” रेल्वेचे रूळ खालच्या मजल्यावर आणि मोटारींचा रस्ता डोक्यावर. त्यामुळे डब्यातून दिसतात ते सटासट मागे जाणारे लोखंडी तिरपे खांब आणि त्यांच्या फटींतून करडा समुद्र. स्वीडन आणि डेन्मार्कला जोडणारा हा ओरेसुंदच्या सामुद्रधुनीवरचा पूल डोळेभरून बघायचा तर रिबर्सबोर्यच्या किनाऱ्यावर वारा खात उभं राहावं लागतं. नाहीतर घरी बसून ‘ब्रून’ (म्हणजे ‘पूल’च) ही स्वीडिश-डॅनिश पोलिसी मालिका लावायची.

मी दुसरा मार्ग आधी पत्करला. इथं आल्यावर स्वीडिश शिकायला सरकारी वर्गात जात होते. तिथल्या बाईंनी सांगितलं, टीव्हीवरच्या मालिका बघा, खाली सबटायटलची पाटी स्वीडिशमध्ये ठेवा. मालिका 2018 सालीच संपली होती, पण माझ्यासाठी नवीच. चार पर्व, 38 भाग, एका हिवाळ्यात संपवले. बाहेर दुपारी साडेतीनला काळोख, आत एकामागून एक मुडदे.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुलावरचे दिवे अचानक जातात. परत येतात तेव्हा बरोब्बर मधोमध, स्वीडन आणि डेन्मार्कच्या सीमारेषेवर, एका बाईचा मृतदेह आडवा. उचलायला जातात तर त्याचे दोन भाग होतात. वरचा अर्धा एका स्वीडिश राजकारणी बाईचा, खालचा अर्धा भलत्याच कुणा डॅनिश बाईचा. मग तपास दोन्ही देशांनी मिळून करायचा. माल्मो पोलिसांकडून सागा नोरेन, कोपनहेगन पोलिसांकडून मार्टिन रोडे. तो गप्पिष्ट, गोड बोलून नियम वाकवणारा. ही नियमाला चिकटलेली, खोटं बोलता न येणारी, ऑफिसात सगळ्यांदेखत शर्ट बदलणारी. पहिल्याच रात्री एका रुग्णवाहिकेला तो माणुसकीनं पुलावरून जाऊ देतो आणि ही त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवते. तिचं असं का, याला मालिका शेवटपर्यंत कसलंही वैद्यकीय नाव देत नाही. अभिनेत्री सोफिया हेलीन ही भूमिका इतकी ताठ उभी करते की सागाची ती शेवाळी रंगाची जुनी पोर्श मोटारसुद्धा तिच्यापुढे लवचिक वाटते.

भाषेचं एक सांगायलाच हवं. मालिकेत स्वीडिश माणूस स्वीडिशमध्ये बोलतो आणि डॅनिश माणूस डॅनिशमध्ये. दोघांना एकमेकांचं कळतं असं गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात दोन्ही देशांत ती दाखवताना शेजाऱ्याच्या बोलण्याखाली पाट्या लावाव्या लागल्या! माझं ऑफिस कोपनहेगनला आहे, म्हणून सांगते, सगळ्यात घोळ होतो तो आकड्यांचा. पन्नासला डॅनिश लोक ‘हाल्ट्रेस’ म्हणतात, म्हणजे अडीच वेळा वीस. साठ म्हणजे ‘ट्रेस’, तीन वेळा वीस. माझे स्वीडिश सहकारी यावर कपाळाला हात लावतात. मला मात्र पहिल्या दिवशीच कळलं, कारण सांगलीजवळच्या गावी माझी आजी असंच मोजायची. गोवऱ्या तीन विसा, आंबे अडीच विसा. आजीला डॅनिश सोपी गेली असती.

आता शेवटाबद्दल. ज्यांना अजून बघायची आहे त्यांनी इथंच थांबावं. खुनी कोण ते मी सांगणार नाही, पण त्याहून महत्त्वाचं सांगणार आहे.

चौथं पर्व सुरू होतं तेव्हा सागा तुरुंगात आहे, आईच्या खुनाच्या आरोपाखाली. बाहेर पुलाखाली एका बाईला दगडांनी ठेचून मारलेलं सापडतं आणि ती बाई कोण, तर डेन्मार्कच्या परकीय नागरिकांच्या खात्याची प्रमुख. हे बघताना माझ्या अंगावर काटा आला, तो प्रेतामुळे नाही. हा पूल 1 जुलै 2000 ला सुरू झाला तो दोन देशांमधली सीमा विसरता यावी म्हणून. 2016 च्या जानेवारीपासून स्वीडननं येणाऱ्यांची ओळखपत्रं तपासायला सुरुवात केली. माझ्यासारखी रोज ये-जा करणारी माणसं हिलीला गाडी थांबली की सवयीनं खिशात हात घालतात. मालिका रहस्यकथेची, पण तिचं एक बोट कायम या जखमेवर असतं.

खरं सांगायचं तर चौथ्या पर्वातलं रहस्य मला ओढूनताणून वाटलं. इतकी माणसं, इतके योगायोग की मी वहीत नावं लिहून ठेवली होती. किम बोडनिया या नटानं उभा केलेला मार्टिन दुसऱ्या पर्वानंतर नाहीच, त्याची उणीव शेवटपर्यंत भासते. (दुसऱ्या पर्वाचा शेवट आठवून बघा. मित्रानं काय केलंय हे कळल्यावर त्याला स्वतःच पकडून देणारी सागा. त्या रात्री मी जेवले नव्हते.) पण लेखक हान्स रोसेनफेल्ट यांना शेवट खुन्यापाशी करायचाच नव्हता. खुनाचा निकाल लागतो आणि तरीही गोष्ट चालू राहते, कारण दोन गाठी सुटायच्या राहिलेल्या असतात. एक, डॅनिश जोडीदार हेन्रिकच्या वर्षानुवर्षं बेपत्ता असलेल्या दोन मुली. सागानं शब्द दिलेला असतो, ती पाळते. पण दोघींपैकी एकच जिवंत मिळते. दुसरी गाठ तिची स्वतःची. धाकटी बहीण जेनिफर हिनं लहान वयात जीव दिला होता. या पर्वात सागा पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते आणि तिथं एक साधा प्रश्न उभा राहतो: तू पोलीस का झालीस? तुला व्हायचं होतं म्हणून, की बहिणीला वाचवता आलं नाही म्हणून?

चारही पर्वं सागा फोन एकाच पद्धतीनं उचलते. “सागा नोरेन, लेन्सक्रिम, माल्मो.” लेन्सक्रिम म्हणजे जिल्ह्याची गुन्हे शाखा. (2015 पासून स्वीडनचे सगळे जिल्हा पोलीस एकाच खात्यात विलीन झाले, म्हणजे शेवटच्या पर्वात ती ज्या शाखेचं नाव सांगते तसं काही कागदावर राहिलंच नव्हतं. मला हे फार आवडतं.) इथले लोक फोन उचलताना स्वतःचं नाव सांगतातच, आपल्यासारखं “हॅलो, कोण?” नाही. पण ती घरी असो, अंथरुणात असो, कुणाच्या अंत्यविधीला असो, तेच वाक्य. जणू नाव अर्धवट आहे आणि हुद्दा जोडल्याशिवाय पुरं होत नाही.

शेवटच्या दृश्यात ती पुलावर गाडी थांबवते, खाली उतरते, पोलिसांचं ओळखपत्र काढते आणि समुद्रात टाकून देते. परत गाडीत बसते. फोन वाजतो. ती उचलते आणि म्हणते, “सागा नोरेन.”

बस. पुढचे दोन शब्द नाहीत.

मी सोफ्यावर बसून दोन-तीनदा मागे नेऊन ऐकलं. आपल्याकडे मालिका संपत नाही, बंद पडते. शेवटच्या आठवड्यात सगळ्या सासवा सुधारतात आणि घरात पूजा होते. इथं 38 भागांची बेरीज दोन शब्द गाळून केली. माझं मलाच आठवलं, इथल्या पहिल्या वर्षी मी कुणालाही भेटले की आधी सांगायचे, मी इंजिनियर, अमुक कंपनीत. समोरचा फक्त नाव सांगून थांबायचा आणि मला वाटायचं, हा काहीतरी लपवतोय.

आईला फोनवर सगळी गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता तिचं पेन्शनचं काय?”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डॅनिश सहकाऱ्याला विचारलं, शेवट कसा वाटला. तो मालिकेचा पक्का चाहता, सगळे भाग ज्या-त्या वेळी टीव्हीवर पाहिलेला. राय पावावर मासा लावता लावता त्यानं क्षणभर विचार केला.

“चांगला होता,” तो म्हणाला. “फक्त त्या पुलावर गाडी थांबवायला बंदी आहे.”