ध्यानाला बसणं आणि दिवसभर भानावर असणं

आमच्या जळगावात हल्ली ज्याला बघावं तो मेडिटेशन करतोय आणि सोबत माइंडफुलनेसचंही नाव घेतोय, पण दोन्ही एकच का रे भाऊ विचारलं की गाडी अडते. माझ्या मते एकच नाहीये. मेडिटेशन म्हणजे वेळ काढून, ठरवून केलेला सराव, त्यात नामजप आला, त्राटक म्हणजे एका जागी टक लावून बघणं आलं, श्वासावर लक्ष ठेवणं आलं. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता मनात, अंगात, समोर काय चाललंय ते लगेच चांगलं-वाईट न ठरवता कळत राहणं, मग तुम्ही आसनावर बसलेले असा नाहीतर मेहरूण तलावावर फिरत असा.

जपात मन एका जागी टिकवायचं असतं, सजगतेत, म्हणजे माइंडफुलनेसमध्ये, ते कुठं गेलं हेही बघायचं असतं. इगतपुरीला धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेचे कोर्स चालतात, आपल्याकडचे बरेच जण जाऊन आलेत, तिथल्या १० दिवसांत हा क्रम सरळ दिसतो, सुरुवातीचे तीनेक दिवस नुसता श्वास, म्हणजे आनापान, मन जरा स्थिर झालं की मग अंगावरच्या संवेदना बघायच्या आणि खाज आली तरी लगेच हात न्यायचा नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कोर्स काढला, त्यात तर एक मनुका हातात घेऊन, निरखून, वास घेऊन सावकाश खायला लावतात. तिथंही रोजचा बसायचा सराव सुटत नाहीच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशी खापरावर मांडे करते तेव्हा मी बघत बसतो. सैल कणकेचा पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत येतो, आणि एका झटक्यात उपड्या खापरावर. मी विचारलं मावशी हे जमतं कसं, तर म्हणे, "ध्यान हटनं का पोयी फाटनी समज." पण पुढं जे बोलली ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, मन दुसरीकडं गेलं की पोळी एका बाजूनं जड लागायला लागते, तेवढ्यात कळलं तर सावरता येते. हे जे तेवढ्यात कळणं आहे ना, तेच माइंडफुलनेस!

म्हणून "मी भांडी घासतानाच माइंडफुल असतो, बसायची काय गरज" हे मला पटत नाही. मावशीचे हात कितीतरी आखाज्या करून तयार झालेत, आपल्या मनाला रागाच्या, टेन्शनच्या वेळी तसं चटकन कळायला हवं असेल तर शांत वेळी बसून सराव लागणारच. आणि सकाळी अर्धा तास बसून दिवसभर घरच्यांवर खेकसत असाल तर तो सराव आसनावरच राहिला.

सुरुवात करणाऱ्यानं पहाटे, ऊन चढायच्या आत, १० मिनिटं श्वास बघावा, मन पळालं की परत आणावं, आणि एक जेवण मोबाईल बाजूला ठेवून करावं. ज्यांना डिप्रेशन किंवा मानसिक आजाराची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी मात्र मोठ्या कोर्सला जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, आणि फॉर्ममध्ये आजाराबद्दल विचारतात तिथं काही लपवू नका.