आमची वाटचाल : साडी दारात नेऊन बघावी तसं

दुकान काढतोय हे मिरजेला फोन करून सांगितलं तेव्हा आई खूश झाली. कसलं, ते कळल्यावर ती इतका वेळ गप्प होती की मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "गांजाचं? आणि बाबांना मी काय सांगू?" दादा मधे पडला. "आई, इथे सरकारच घाऊक विकतं. आपण नुसते किरकोळवाले." त्यावर आई, "म्हणजे सरकारमान्य देशी दारूच्या दुकानासारखं!" आम्ही वाद घातला नाही. तुलना फारशी चुकीची नव्हतीच.

कॅनडात गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे. आमच्या ओंटारियो प्रांतात खासगी दुकानं १ एप्रिल २०१९ ला उघडली, पण आमच्या मिसिसॉगा शहराने तेव्हा नकार दिला होता. नगरपालिकेने होकार दिला तो एप्रिल २०२३ मध्ये. मी तोवर एका फार्मसीत होते, दादा गोदामात सुपरवायझर. दोघांची शिल्लक एकत्र केली. शाळेपासून १५० मीटर लांबची जागा, मग परवान्याचा अर्ज, मग काचेवर १५ दिवस जाहीर सूचना. कटकट होती, पण सरळ होती. अर्ज भरा, फी भरा, थांबा.

गोंधळ झाला तो बांधकामात. प्लाझामधला ११०० चौरस फुटांचा गाळा, आधी तिथे चपला-बुटांचं दुकान होतं. छताला जुन्या ट्यूबलाइटच्या पेट्या. तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले. पहिल्याचं कोटेशन एका पानाचं आणि सगळ्यांत स्वस्त. त्यात एक ओळ होती : 'दिवे, अलाउन्स ४,००० डॉलर'. आम्ही ती किंमत समजलो. अलाउन्स म्हणजे 'एवढ्यापर्यंत माझं, पुढचं तुमचं' हे नंतर कळलं. तो आकडा मुद्दाम कमी धरला की एकूण बेरीज आपोआप स्वस्त दिसते. दुसरा फारच महाग. तिसरा वयस्क पोर्तुगीज गृहस्थ. त्याने टेप काढलीच नाही. कॅमेरे कुठे बसणार, काउंटरची काच सपाट की तिरकी, गिऱ्हाईक आत आल्यावर आधी कुठे बघणार, हेच विचारत बसला. दादा मला मराठीत म्हणाला, "हा टाइमपास करतोय." आम्ही पहिल्याला काम दिलं.

बरं, दिव्यांचा खर्च आपल्या अंगावर येणार म्हटल्यावर दादाने ते स्वतःच आणायचं ठरवलं. एका अमेरिकन वेबसाइटवरून ट्रॅकलाइटची, म्हणजे छताच्या पट्टीवर (ट्रॅकवर) बसवून हवे तिकडे वळवायच्या दिव्यांची, ४० हेड्स निम्म्या भावात मागवली. खोकी आली त्याच आठवड्यात आमचा स्वस्त कॉन्ट्रॅक्टर तोडफोड उरकून गायब झाला. फोन उचलेना. वायरिंगसाठी त्याने आणलेल्या माणसाकडे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्सच नव्हतं, आणि ओंटारियोत दुसऱ्याच्या जागेत त्याशिवाय वायरिंग करता येत नाही.

खाली मान घालून तिसऱ्याकडे गेलो. तो काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. त्याच्या इलेक्ट्रिशियनने छतातला जंक्शन बॉक्स उघडून मीटर लावला. ३४७ व्होल्ट. कॅनडातल्या व्यापारी इमारतींमध्ये दिव्यांचं सर्किट बऱ्याचदा ३४७ चं असतं. आमच्या दिव्यांवर लिहिलं होतं १२० ते २७७. "लावले असते तर ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज करून देणारा आतला भाग, पहिल्याच दिवशी जळले असते," तो म्हणाला. शिवाय त्यांवर इथे चालणारा सीएसए किंवा सीयूएलसारखा सुरक्षिततेचा शिक्का नव्हता, म्हणजे तपासनीसाने ते उतरवायलाच लावले असते. वेबसाइटने अर्धेच दिवे परत घेतले. उरलेले अजून दादाच्या गॅरेजमध्ये आहेत. वहिनी दर दिवाळीला विचारते, आकाशकंदिलात बसतील का.

पैशांतही आम्ही अडाणीपणा केला होता. इथल्या कायद्याप्रमाणे काम करून घेणाऱ्याने कॉन्ट्रॅक्टरच्या प्रत्येक बिलातले १० टक्के रोखून ठेवायचेच असतात. काम संपल्यावर ठरलेली मुदत, ती आम्हाला ६० दिवसांची होती, उलटली आणि कोणा कारागिराने थकलेल्या पैशांसाठी जागेवर दावा लावला नाही, की मगच ते सोडायचे. पहिल्याला आम्ही विश्वासावर सगळे देऊन बसलो. तिसऱ्याने स्वतःहून बिलात १० टक्के वेगळे दाखवले.

मग त्याने दिव्यांचा धडा दिला. वासाची बरणी असते आमच्याकडे, वर भोकं, झाकणात भिंग. गिऱ्हाईक त्यातून गांजाचं फूल बघतं, हुंगतं. तिच्यावर त्याने दोन दिवे आळीपाळीने धरले. दोन्ही ३००० केल्विनचे, दोन्ही पिवळसर. एकाखाली फूल वाळलेल्या मेथीसारखं करडं, दुसऱ्याखाली हिरवंगार आणि त्यावरचे नारिंगी केस एकेक मोजता येतील असे. फरक सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्या मापाचा. पहिला ८०, दुसरा ९० च्या वर. मला एकदम सांगलीच्या पेठेतली आई आठवली. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा कधीच विश्वास नसायचा. साडी हातावर घेऊन ती दारात उन्हात जायची आणि दुकानदार मागे मागे यायचा. आमच्या दुकानात तीही सोय नाही. माल बाहेरून मुलांच्या नजरेला पडता कामा नये म्हणून काचेला फिल्म आहे. दारात नेऊन बघायला ऊनच नाही, म्हणून ते छतातून आणायचं.

बाकी मालाचं उलटं. गांजाची पाकिटं इथे कायद्यानेच साधी, एकरंगी. लाल चिन्ह, पिवळ्या चौकटीतला इशारा आणि बारीक अक्षरं. त्यांच्यावर झगमगीत स्पॉट मारून काय मिळणार? तिथे उभ्या फळीवर वरपासून खालपर्यंत सारखा उजेड हवा, चष्मा न शोधता वाचता येईल असा. काउंटरच्या काचेवर मात्र आम्ही चुकलोच. ट्रॅक बरोबर डोक्यावर आला आणि काचेत मालाऐवजी दादाचं टक्कल चमकायला लागलं. शेवटी ट्रॅक दीड फूट पुढे सरकवला आणि काचेच्या आत पट्टीचे दिवे टाकले, मंद करता येतील असे. उजेडात राहून फुलाचा कस उतरतो, म्हणून दुकान बंद झालं की बरण्यांवरचे दिवे पूर्ण बंद.

दाराशी कॅमेऱ्याने छळलं. चित्रण ३० दिवस ठेवावं लागतं, पण ठेवून उपयोग काय? येणाऱ्याच्या पाठीमागून उजेड, चेहरा काळा ठिक्कर. एक दिवा समोरून टाकला तेव्हा चेहरे आले. तोच दिवा १९ वर्षांची अट तपासताना ओळखपत्रावर चमकायचा, मग तो थोडा तिरका केला. या एका दिव्यावर आमच्या तीन संध्याकाळी गेल्या.

इमारत तपासनीसाने येऊन सरळ ब्रेकर पाडला आणि घड्याळ लावलं. बॅटरीचे दिवे अर्धा तास टिकले पाहिजेत. टिकले. फक्त हिरव्या पळणाऱ्या माणसाची बाहेर जाण्याची पाटी आमच्याच बोर्डामागे अर्धी झाकली होती. बोर्ड खाली आणला.

उघडायच्या आदल्या रात्री आईला व्हिडिओ कॉलवर दुकान दाखवलं. छत दाखवलं, दार दाखवलं, दादा काचेत कुठेच दिसत नाही हे दाखवलं. बरण्यांकडे फोन वळवणार तेवढ्यात ती म्हणाली, "दिवे छान लावलेत गं. माल नको दाखवू, बाबा शेजारी बसलेत."