आधी पालापाचोळा साठवा, खताचं नंतर बघू

गच्चीवर भाज्या लावणाऱ्या मैत्रिणी सारख्या विचारतात की कंपोस्टसाठी कुठला डबा घेऊ, कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जीवाणूंचं विरजण) कुठलं आणू, आणि मी दरवेळी तेच सांगते की बाई, आधी वाळलेली पानं गोळा कर. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणी भरपूर आणि नायट्रोजन जास्त, त्याला सुक्या पानांतून कार्बन आणि हवा मिळाली नाही की तो सडतो, वास मारतो, चिलटं होतात, आणि मग घरातले म्हणतात बंद कर हे. पुस्तकात 25 ते 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन असं देतात पण मोजत कोण बसणार, वाटीभर सालींवर दोन-तीन वाट्या चुरलेली पानं, बास.

माझ्याकडे भाजीवाल्यांचे असतात तसले जाळीचे जुने क्रेट आहेत. तळाला पानांचा जाड थर, मग रोजच्या साली, देठं, चहाचा चोथा (दूध-साखरेचा असेल तर धुऊन), वर परत पानं, कचरा अजिबात दिसता कामा नये. सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडला तर काम लवकर सुरू होतं, नसला तरी होतंच. ढवळायचं नाही, जाळीतून हवा जाते. तेलकट खरकटं, मासे-मटण मी टाकत नाही, उंदीर येतात.

पानांतही फरक आहे हं, गुलमोहर, शिरीष, कडुलिंबाची बारीक पानं भराभर कुजतात, आंब्या-फणसाची जाड पानं रेंगाळतात, ती चुरूनच घाला. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या झाडलोट करणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवायचं की ताई पेटवू नका, मला द्या, आणि गोण्या भरून कोरड्या जागी ठेवायच्या, कारण खरी गरज पावसाळ्यात पडते आणि तेव्हा सुकं पान मिळत नाही.

आणि सगळ्यात कमी कष्टाचं म्हणजे खत वेगळं करूच नका! क्रेट पाऊण भरला की वर चार बोटं माती आणि तयार खत घालून त्यातच दुधी किंवा दोडका लावा. खालचं कुजत जातं, मुळं तिथवर पोचतात, पातळी खाली बसली की वरून परत पानं. हा ढीग फारसा तापत नाही त्यामुळे बिया मरत नाहीत, टोमॅटो, लाल भोपळा आपोआप उगवतात, ती रोपं मी उपटून टाकत नाही, जागा असेल तिथे हलवते.